दानम्माच्या शेजारचं मडकं

१ जानेवारी १९९६, सोमवार

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद. तू कशी आहेस? कंबर दुखायची थांबली का? जावईबापू केदारनाथांचा खोकला कसा आहे? सूतगिरणीत तोंडाला फडकं बांधा म्हणावं, लाज कसली त्यात. विहीणबाईंची साखर उतरली का, की अजून चोरून गुळाचा खडा चालू आहे? वर्षाराणीचा पुढचा दात आला का? पडलेला दात कौलावर टाकलात का नाही? इकडे मी बरा. गुडघे कुरकुरतात, पण म्हाताऱ्या गाडीची चाकं वाजायचीच. तुझा भाऊ योगीराज ठीक. वडवणीला दुकानात रोज जातो, संध्याकाळच्या एसटीनं परत येतो.

आता बघ, डायरी लिहायला बसलो आणि पत्रच झालं. पण तूच दिलीस ही वही. म्हणालीस, "आप्पा, आई गेल्यापासून तुम्ही बोलायचेच बंद झालात. मला पत्र लिहिता तसं यात लिहा, टपालात टाकायची गरज नाही." शाळेची पायरी मी चढलो नाही. अक्षरं शिकलो ती दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवरून. तेव्हा र्‍हस्वदीर्घ बघायचं नाही. आणि टपालात टाकायचं नाही म्हटल्यावर थोडं मोकळंही लिहीन.

९ जानेवारी, मंगळवार

आज लिहिल्याशिवाय चैन नाही.

नव्या बोअरचं पाणी खालच्या रानात न्यायला चर खणतोय. खणायला धुळाजी आहे. मेंढरं आपल्या रानात बसवली आहेत त्यानं, दिवसा बायको साखराबाई कळप राखते आणि हा कुदळ चालवतो. आम्ही दोघं एका वयाचे. बोलणंही तसंच.

"बे धुळ्या, चर खणतोयस का नांगरट करतोयस?"

"आप्पा, तुमी नुसतं सावलीत बसून हुकूम सोडा. निजाम गेला आन् तुमाला ठिवून गेला."

असं चाललेलं. चर बेलाच्या झाडाजवळ आला. तिथं तुझे आजोबा, पणजोबा आणि दीड वर्षापासून तुझी आई दानम्मा, तिघं आपल्या रितीनं जमिनीत, समाधीत बसलेली आहेत. त्यांच्यापासून चार हात सोडूनच रेघ मारली होती मी. तरी कुदळ कशावर तरी बसली आणि फुटल्यासारखा आवाज झाला. मडकं. तोंडावर चपटा दगड. दगड सरकवला तर आत तांब्याच्या टिकल्या, हिरव्या पडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

धुळाजी म्हणाला, "आप्पा, धन हाय!"

माझ्या अंगावर काटा आला, पण वेगळ्या कारणानं. तुझ्या आईला बसवलं तेव्हा स्वामींनी मंत्र कोरलेल्या एकवीस टिकल्या तिच्या अंगावर ठेवल्या, तू पाहिल्यास. त्याच ह्या. कुणी जुना माणूस इथं बसलेला आहे, आमच्याच कुळीतला, ज्याचं नावही आम्ही विसरलो. आणि आम्ही त्याच्यावर कुदळ घातली.

"धन न्हाई रे बाबा, माणूस हाय. हात लावू नको."

"माणूस मडक्यात मावंल व्हय?"

"त्याचं सामान हाय हे. त्यो खाली असंल."

खाली बघायचं धाडस नव्हतं. दगड होता तसा झाकला. घरून खडेमीठ, विभूती आणली, बेलाची पानं वाहिली आणि माती लोटली. चर तिथं वळवला. मग धुळाजीला म्हटलं, ही गोष्ट फुटली तर लोक इथं खणत बसतील, दानम्मालाही सोडणार नाहीत. भंडारा उचल, कुणापुढं बोलणार नाहीस म्हणून.

त्यानं कमरेची पिशवी सोडली, बिरोबाचं नाव घेऊन हळद उचलली, कपाळाला लावली. मग म्हणाला, "आन् तुमी काय उचलता, आप्पा?"

मी हसलो. "माझं रान, माझी माणसं. मला कशाला शपथ?"

तोही हसला. तेवढ्यावर मिटलं.

१० जानेवारी, बुधवार

काल जेवताना योगीराजनं विचारलं, सरळ चर वाकडा कावून केला, कोपऱ्याचा पाईप जादा लागणार. त्याला सगळं सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. म्हणाला, "कितीक होत्या टिकल्या?" मी म्हटलं, मेलेल्याच्या अंगावरचं मोजतात का? ताट सारून उठला. पोराला वाईट वाटलं असणार.

एकूण धुळाजी आणि मी, दोघांपलीकडे ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही. बरं वाटतं.

२२ जानेवारी, सोमवार

आनंदाची गोष्ट लिहितो. योगीराज सोमवारी सकाळी रानात येऊ लागला आहे. आईला बेल वाहून मगच वडवणीची गाडी धरतो. मागचा सोमवार आणि आजचा, दोन झाले. आई असताना हा देवघरात फिरकायचा नाही. गेलेलं माणूस जाता जाता काय काय शिकवून जातं.

बाकी त्याचं एकच पालुपद आहे. दुकानाच्या पुढच्या भागात एसटीडी टाकायचा. वडवणीत तीन झाले म्हणे, रांगा लागतात. नुसत्या किराणा दुकानाला आता कुणी पोरगी देत नाही, पाव्हणे आधी विचारतात, फोन आहे का? मी म्हटलं, बाबा, अनामत भरायला रान विकणार नाही. तो म्हणाला, "रान कोन मागतंय तुमाला." पहिल्यासारखा चिडला नाही. शहाणा होतोय.

५ फेब्रुवारी, सोमवार

बेलाखालची माती जरा भुसभुशीत वाटली. साळिंदर असेल. पायानं दाबून वर काट्या टाकल्या. धुळाजीनं मेंढरं उचलली, आता कपिलधारच्या डोंगराकडं चारून होळीला परत येईल. जाताना मी त्याला ज्वारी दिली, त्यानं मला जेन दिलं, रात्री गुडघ्याखाली घ्यायला. जेन म्हणजे त्यांच्या लोकरीची जाड सतरंजी, उबीला फार चांगली.

योगीराज कालपासून परळीला आहे. दुकानाचा माल बघायला म्हणाला. किराणा माल आपण बीडहून आणतो, पण परळीत स्वस्त पडत असेल. आपण जुन्या बाजाराची माणसं.

१७ फेब्रुवारी, शनिवार. महाशिवरात्र

आज मी रडलो. योगीराजनं आईसाठी संगमरवराची फरशी आणली. टेम्पोतून आली. वर अक्षरं कोरलेली: दानम्मा गुरुलिंग. चार माणसांनी उचलून बसवली. मी विचारलं, एवढा पैसा कुठला रे? म्हणाला, "हप्त्यानं घेतली, आप्पा. आजकाल समदं हप्त्यानं मिळतंय." फरशी बसवताना त्याचाही चेहरा उतरला होता. आईची आठवण.

दानम्मा, बघ. मी तुला जन्मात एक पाटली करू शकलो नाही. पोरानं पांढरा दगड दिला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट झालं.

सकाळी जमादार गावात आला. परळीत कुणा सराफाकडं चांदीची जुनीपुराणी नाणी सापडली. सराफ म्हणाला, वडवणीकडच्या माणसानं आणली, नाव ठाऊक नाही. जमादार गावोगाव विचारत फिरतोय, कुणाच्या रानात खणती झाली. आपल्या दारातही आला. मी तोंड उघडायच्या आत योगीराज म्हणाला, "आमच्याकडं चर खणलाय, पर खनणारा धुळाजी धनगर. आमी कुनी नव्हतो तिथं."

मी होतो. पण मी काही बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच आलं: चांदी. माझ्या टिकल्या तर तांब्याच्या. मग ही दुसरीच गोष्ट असेल. आणि बोललो तर दानम्माच्या उशाला फावडी लागतील.

दुपारी कळलं, धुळाजीला कपिलधारच्या वाटेवरून कळपातून उचलून नेला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

चौकीवर गेलतो. धुळाजी भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. पागोटं नव्हतं. त्याचं उघडं डोकं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. गालावर सूज होती. मी हळूच विचारलं, "धुळाजी, तू काढलंस का रे? मला सांग. मी कुणाला बोलणार नाही."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान वळवली. एक शब्द नाही. मी दोनदा, तीनदा विचारलं. भिंतीशी बोलल्यासारखं. शिपाई म्हणाला, "आमालाबी असंच करतंय. हो न्हाई, न्हाई न्हाई."

निर्दोष माणूस ओरडून सांगेल ना? हा गप का? परतीच्या गाडीत माझ्या मनानं घेतलं की यानंच काढलं. मडक्यात तांब्याखाली चांदी असेल, ती यानं हेरली. भंडारा उचलून माझा विश्वास मोडला. ज्याच्या हातची भाकर खाल्ली त्याचा असा राग यावा याचंच वाईट वाटत होतं. योगीराजला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या आप्पा. दोन दिसांत सुटंल. त्येच्याकडं काय सापडनार हाय?"

 

१ मार्च, शुक्रवार

काल काही लिहिलं नाही, दिवसभर बाजेवर पडून होतो. आज सकाळी साखराबाई आली. अनवाणी, तीन कोस चालून. मी बस म्हटलं, बसली नाही. दारातच उभी राहिली.

"आप्पा, त्येंनी तुमच्यासाठी भंडारा उचललाय न्हवं?"

मी म्हटलं, "त्यानं सांगितलं?"

"त्येंनी न्हाई सांगितलं. कपाळाला हळद बघितली म्या त्या दिशी, इचारलं, तर म्हनले, आप्पाच्या रानातली गोष्ट हाय, फुडं इचारू नको. आमच्यात भंडारा उचलला की त्या गोष्टीचं नावबी काढत न्हाईत. हो म्हनलं तरी मोडतो, न्हाई म्हनलं तरी मोडतो. ज्यानं उचलायला लावला त्येच्याम्होरंबी तोंड उघडायचं न्हाई, त्येनं उतरवल्याबिगर. मार खाऊन मरंल त्यो माणूस, पर बोलनार न्हाई. तुमाला हे ठाव न्हाई व्हय? येवढी शिकली-सवरली माणसं तुमी."

मला ठाऊक नव्हतं, कावेरी. पन्नास वर्षं त्याच्या लोकरीवर झोपलो आणि हे ठाऊक नव्हतं. मी त्याचं तोंड बांधलं, आणि बोलत नाही म्हणून चोर ठरवला.

ती पुढं म्हणाली, "दोन कोकरं गेली लांडग्यानं. येकटीनं किती बघू?" आणि निघून गेली.

मी फावडं घेऊन रानात गेलो. एकटाच. माती हातभर काढायला लागली नाही. मडकं नव्हतं. खापऱ्या आणि चारदोन तांब्याच्या टिकल्या मातीत राहिलेल्या. पण जिथं मडकं होतं तिथं चपटा दगड नीट मांडलेला, त्यावर मीठ, विभूतीची तीन बोटं आणि बेलाचं पान. माझं पान वाळून चुरा झालं असतं. हे नुसतं कोमेजलेलं होतं. पालथं ठेवलेलं. देठाची गाठ नखानं खुडलेली.

देठाची गाठ खुडल्याशिवाय बेल वाहू नये, अशी तुझ्या आईची शिस्त. तिनं ती लहानपणी दोघांनाच लावली होती. एक तू. तू सोलापुरात आहेस.

मी तसाच घरी आलो. मागची पानं उघडून बघितली, जानेवारीतली. मीच लिहून ठेवलंय की दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. त्याच्या वरच्याच ओळीत पोराला सांगितल्याचं लिहिलंय. पोटच्या पोराला मी माणसात धरलंच नव्हतं.

दिवस मावळायच्या आत योगीराज आला. मी त्याला दारातच विचारलं, "मडकं कुठंय?"

तो चप्पल काढत होता, तसाच एका पायावर थांबला.

"आप्पा, ती समाधी न्हवतीच. वर तांबं, खाली समदी चांदी. आपल्या लोकांत मेलेल्याला कोन चांदी देतंय? कुनीतरी लपवून ठिवलं, त्यो इसरला. त्येच्यात काय चुकलं माझं?"

"समाधी न्हवती तर बेल कशाला ठिवलास परत?"

तो तिथंच खाली बसला. मग म्हणाला, "भ्या वाटलं."

"आन् धुळाजीचं नाव घेताना?"

"तवा तर लईच भ्या वाटलं." चप्पल बाजूला सारून म्हणाला, "मला वाटलं त्यो तुमचं नाव घिईल, तुमी म्हातारे, तुमाला सोडून देतील, आन् मिटंल. त्येनं कुनाचंच नाव घेतलं न्हाई. कावून घेतलं न्हाई, आप्पा?"

मी सांगितलं कावून ते. तो तोंड झाकून रडला. लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर उद्या गेलो नसतो.

२ मार्च, शनिवार

पहिल्या गाडीनं दोघं गेलो. योगीराजला मी चल म्हटलं नाही. मी निघालो, तो मागून आला. गाडीत शेजारी बसला नाही, मागं उभा राहिला.

चौकीवर आधी धुळाजीपुढं बसलो. वाटेत वाण्याकडून हळद घेतली होती. माझ्या कपाळाला जन्मात विभूतीशिवाय काही लागलं नाही. मला त्यांची रीत ठाऊक नव्हती, मीच मनानं केलं. हळद त्याच्या कपाळाला लावली, माझ्या लावली, म्हटलं, "धुळाजी, मी उचलायला लावलेला भंडारा मी उतरवला. तू मोकळा."

त्यानं एवढा लांब श्वास सोडला की शिपायानंही वळून बघितलं. मग पहिला शब्द बोलला.

"पानी."

तांब्याभर प्याला. मग म्हणाला, "तुमाला चार दिस लागले, आप्पा."

बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग जमादारापुढं उभा राहिलो. सांगितलं, मडकं सापडलं ते मी लपवलं, शपथ मी घ्यायला लावली. काढून कुणी विकलं ते... तेवढ्यात योगीराज पुढं आला. म्हणाला, "म्या." त्यानं स्वतः म्हटलं, हे तुझ्यासाठी मुद्दाम लिहून ठेवतो. मला म्हणावं लागलं नाही. पण त्यानं नसतं म्हटलं तर मी म्हटलं असतं. तेही लिहून ठेवतो.

धुळाजीला दुपारी सोडलं, योगीराजला तिथं ठेवलं. मला वयाकडं बघून घरी जा म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार

जुन्या वस्तूंच्या खात्याची माणसं येऊन तीन दिवस खणून गेली. एक बाई होती, तुझ्याच वयाची, बारीक ब्रशनं माती झाडायची. राहिलेल्या टिकल्यांपैकी एक तिनं कसल्या पाण्यात धुतली आणि भिंग दिलं. त्यावर फारसी लिपीतली अक्षरं. मंत्र नव्हताच.

"आजोबा, ही बहामनी नाणी. पाचशेच्या वर वर्षं झाली. कुणी तरी पुरून ठेवली आणि परत घ्यायला येऊ शकला नाही. तुम्ही सापडल्या दिवशी कचेरीत कळवलं असतं ना, तर नियमानं तुम्हाला हिस्साही मिळाला असता."

मी म्हटलं, "आम्हाला वाटलं माणूस आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "माणूसच होता ना. घाबरलेला." आणि तुझ्या आईपासून दोन हातांवर फावडं थांबवायला तिनंच गड्यांना सांगितलं.

संगमरवराची फरशी मात्र गेली. विक्रीच्या पैशातून आलेली म्हणून जप्त केली, पंचनाम्यात लिहिली, ट्रॅक्टरवर टाकून नेली. आता दानम्मावर परत साधी माती आहे. सकाळी पाणी शिंपडलं तर वास येतो. दगडावर येत नव्हता.

२१ मार्च, गुरुवार

काल पाडवा झाला. गुढी उभारली नाही, शेजारच्या बायांनी नैवेद्य आणून दिला.

योगीराज शनिवारी जामिनावर घरी आला. खटला चालेल, वकील म्हणतो वर्षं लागतील. दुकान बंद आहे. घरात आम्ही दोघं, आणि बोलणं भाकर, पाणी, दिवा एवढंच. तो पान वाढलं तर अर्धं खातो. मी चूक केली असं वाटत नाही. पण बरोबर केलं असंही वाटत नाही, दोन्हीच्या मधे कुठं तरी पाय अडकलाय. परवा तो दाढी करत होता आणि हा जिवाचं काही करून घेईल म्हणून मी तासभर वस्तऱ्याकडं बघत बसलो, हे तुला सांगू का नको असं झालं होतं. सांगितलं.

काल धुळाजी आला. सणाला नव्हे, वाटेनं चालला होता. मेंढरं यंदा आपल्या रानात बसवणार नाही म्हणाला, साखराबाईचं मन नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मग तो आत वाकून योगीराजकडं बघत म्हणाला, "बे पोरा, येकटा बसून ऱ्हायलं की मेंढरूबी मरतंय. चल कळपामागं आठ दिस." योगीराज उठला नाही, पण मान वर केली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून ही वही तुला धाडतोय, रजिस्टरनं. टपालात टाकायची नाही असं ठरलं होतं, ते मोडतो. सगळी पानं वाच, मी धुळाजीला चोर समजलो ती सुद्धा. जावईबापूंना दाखवायची का नाही ते तू ठरव.

मला उत्तर नको, पोरी. मी म्हातारा, माझं निभेल. योगीराजला लिही. बोल लावायचा तर लाव, पण लिही. धुळाजी बोलला तेव्हा त्यानं मान वर केली, तू तर त्याची बहीण आहेस. पत्राला पाच दिवस लागतात, तेव्हा आजचं उद्यावर टाकू नको.